देवीचा डावा डोळा

३ मार्च, सोमवार

ही डायरी मला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दिली. औषधाच्या कंपनीची आहे, प्रत्येक पानाच्या तळाशी थेंबांच्या बाटलीची जाहिरात. म्हणाल्या, "काका, तुमचा रक्तदाब मोजताना मलाच घाम फुटतो. घरी बोलत नसाल तर निदान लिहा." मी म्हटलं, मी कारागीर माणूस, मला काय लिहिता येणार? त्या म्हणाल्या, "जे झालं ते लिहा, छापायचं थोडंच आहे?"

तर लिहितो. मी खोटे डोळे करतो. लोकांना वाटतं खोटा डोळा म्हणजे गोटी. गोटी नसते ती, शिंपल्यासारखं पातळ कवच असतं. आधी डोळ्याच्या रिकाम्या खाचेचा साचा घ्यायचा, मग मेण, मग पांढरं अ‍ॅक्रिलिक, त्यावर बुबुळ रंगवायचं, रेशमाचे लाल तंतू विंचरून शिरा बसवायच्या, वरून पारदर्शक थर आणि मग हात मोडेपर्यंत पॉलिश. गल्लीत मला सगळे डोळेकाका म्हणतात. पोरंटोरं घाबरतात, मोठी माणसं गंमत म्हणून आत डोकावतात.

डिसेंबरात माझ्या लेकीचा, भिंगरीचा, डावा डोळा गेला. तिच्या शाळेतल्या शिक्षिकांबरोबर संध्याकाळी बॅडमिंटन खेळत होती, शटल थेट डोळ्यावर बसलं. डॉक्टरीणबाईंनी जिवाचं रान केलं, पण डोळा काढावाच लागला. उजवा वाचला. लेक वाचली. हे मी रोज सकाळी स्वतःला सांगतो, आणि आभार नक्की कोणाचे मानायचे ते ठाऊक नसल्यामुळे चहाच्या कपाकडे बघून मानतो.

जखम भरल्यावर तिचा डोळा मीच केला. दुसरं कोण करणार? तिच्या डाव्या बुबुळात जन्मापासून एक तपकिरी ठिपका होता. ती बालवाडीत शिकवते, तिथली पोरं त्याला माशी म्हणायची. 'बाईंच्या डोळ्यात माशी बसलीय.' तो मी वगळला. नवी वस्तू करायची तर जुना डाग कशाला घ्यायचा? उजव्या डोळ्याला असा जुळवला की आरशात ठेवल्यासारखा. एवढा सुबक डोळा माझ्या हातून आजवर झाला नाही.

तिने घातला, बराच वेळ आरशात पाहिलं. म्हणाली, "बाबा, दोन्ही अगदी सारखे केलेत."

"मग! बाप कोणाचा आहे?"

ती हसली, माझ्या गळ्यात पडली. आणि संध्याकाळी डोळा काढून डबीत ठेवला. टोचतो म्हणाली. मी कड घासून दिली, पुन्हा घासून दिली, तरी टोचतोच. तेव्हापासून डबी कपाटात आणि लेक खोलीत. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून भिंगरी नाव पडलं, ती आता पडदा ओढून बसते.

शाळेचं नवं सत्र ७ एप्रिलला सुरू होतं. मुख्याध्यापिकांनी तिचा वर्ग तोवर राखून ठेवला आहे. तेव्हाही ती आली नाही तर दुसरी बाई नेमावी लागेल, असं त्यांनी फार अवघडून सांगितलं. त्यांचा काय दोष?

६ मार्च, गुरुवार

भिंगरीने आज सगळ्यांना चहा ओतला. एका डोळ्याने अंतर कळत नाही, अर्धा चहा बशीत गेला. मी उठून किटली घ्यायला निघालो तर हिने (म्हणजे बायकोने, तिला नाव घेऊन हाक मारायची सवय मला लागली नाही आणि आता लागणारही नाही) माझा शर्ट मागून धरून मला खाली बसवलं. भिंगरीला म्हणाली, "असू दे गं, बशीलापण तहान लागते. तोटी कपाच्या काठाला टेकव आणि मग ओत." दुसरा कप नीट भरला.

मी हिला बाजूला घेऊन म्हटलं, डोळा घातला असता तर निदान चेहरा तरी भरून दिसला असता. ही म्हणाली, "अहो, तुम्ही तिच्याकडे बघता की तिच्या खाचेकडे?" आता हा काय प्रश्न झाला? मी डोळेवाला, मी डोळ्याकडेच बघणार.

८ मार्च, शनिवार

आज कारखान्यात, म्हणजे माझ्या दीड खोलीच्या दुकानात, गल्लीतल्या देवळाच्या पुजारीणबाई आल्या. देऊळ आमच्याच गल्लीत आहे. एका बाजूला बँकेची काचेची इमारत, दुसऱ्या बाजूला व्यायामशाळा, आणि मधल्या फटीत ते. रस्ता दर वेळी नवा थर घालून वर वर चढत गेला आणि देऊळ होतं तिथेच राहिलं, त्यामुळे आता पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. वरच्या पाटीवर 'अतिप्राचीन' एवढंच वाचता येतं, पुढचं झिजलंय. इतकी वर्षं मी तिथून रोज जातो, पण खाली कधी उतरलो नाही. देवाचं आणि माझं भांडण नाही, ओळख नाही एवढंच.

पुजारीणबाई पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, "डोळेकाका, आईचा डावा डोळा पडला. मूर्ती धुताना निसटला, पाण्याबरोबर गेला. सगळी मोरी उपसली. नाही मिळाला."

"मी माणसांचे डोळे करतो, बाई."

"मग आईचाही कराल."

मी म्हटलं जुने डोळे चांदीवर मीनाकाम केलेले असणार, माझ्याकडे प्लॅस्टिकचंच काम. त्या म्हणाल्या, "तिला विजेचे दिवे चालतात, पंखा चालतो. हेही चालेल."

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. तरी हो म्हणालो. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

१० मार्च, सोमवार

मापं घ्यायला खाली उतरलो. भर दुपारी आत गारवा. छत इतकं खाली की बँकेतले उंच साहेबही आपोआप वाकत होते. पायऱ्यांच्या तळाशी, डाव्या हाताला, चपला सांभाळणाऱ्या आजी स्टुलावर बसलेल्या. मी बूट काढले तर म्हणाल्या, "तुम्हीच का ते डोळेवाले? रोज वरून जाताना तुमचे बूट दिसतात मला. टाच घासलीय, नवी लावून घ्या."

मूर्ती काळ्या दगडाची. हात लावून लावून नाक-गाल गुळगुळीत झालेत, फक्त उजवा डोळा लख्ख. डाव्या जागी खाच. मला वाटलं होतं कापडाने झाकली असेल. पण उघडी होती, आणि समोर फुलं, दिवा, सगळं रोजच्यासारखं.

"दार बंद ठेवायचं ना तोवर," मी म्हटलं.

पुजारीणबाई म्हणाल्या, "काहीजण म्हणाले तसं. पण आई आजारी पडली म्हणून घराला कुलूप लावतात का?"

माणसाला वापरतो तीच गुलाबी पावडर कालवून खाचेचा साचा घेतला. देवी अजिबात हलली नाही. अशी गिऱ्हाइकं रोज मिळोत. पुजारीणबाईंनी विचारलं, "जुना फोटो देऊ का? धुराने काळवंडलाय, पण आहे." मी सांगितलं, मला फोटो लागत नाही. शेजारचा डोळा जिवंत आहे, त्याच्यावरून दुसरा करणं हाच माझा धंदा.

११ मार्च, मंगळवार

जेवताना हिला देवळातलं सांगत होतो. भिंगरी ताटात बोटं फिरवत बसली होती. मध्येच तिने मान वर केली.

"म्हणजे आत्ता तिला एकच डोळा आहे?"

"हो."

"आणि लोक येतात?"

"येतात की. गर्दी आहे उलट."

"झाकलेला नाही?"

"नाही गं. तसाच."

तिने एक घास घेतला आणि मग आणखी भात मागून घेतला. डिसेंबरानंतर पहिल्यांदा. मी हिच्याकडे पाहिलं, ही भात वाढण्यात गुंग. देवाधर्माच्या गोष्टींनी पोरीला बरं वाटत असेल तर मी रोज एक सांगायला तयार आहे, नसली तर रचून सांगेन.

१३ मार्च, गुरुवार

भिंगरी आज माझ्याबरोबर आली! मोठा काळा गॉगल, वर ओढणी, तरी आली. पायऱ्या उतरताना तिने माझा दंड धरला होता. शेवटची पायरी कुठे संपते ते तिला कळेना, तेव्हा आजीच म्हणाल्या, "अजून एक आहे, पोरी. हां, आता जमीन." मग हात पुढे केला. "गॉगल दे."

"राहू दे आजी."

"आत अंधार आहे, आपटशील. चपला, छत्र्या, हेल्मेट, गॉगल, सगळं इथे राहतं. हा घे बिल्ला."

मला वाटलं आता ही वळणार आणि घरी जाणार. पण तिने बिल्ला घेतला. आजींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, जसं त्या कोणाच्याही चेहऱ्याकडे बघतात, आणि गॉगल एका रिकाम्या बुटात खोचून ठेवला.

भिंगरी देवीसमोर बसली. किती वेळ बसली असेल, मला कारखान्यात जायचं होतं तरी उठवेना. लोक येत होते, नमस्कार करत होते, तिच्याकडे बघत होते, निघून जात होते. एक बाई तिला म्हणाली, "जरा सरक गं बाळा." बस्स, एवढंच.

घरी येताना ती म्हणाली, "छान आहे, नाही?" मी म्हटलं, देऊळ ना, हो, बांधकाम मजबूत आहे.

ज्या कोणाचे आभार मानायचे ते आज देवीचेच मानले. चहाच्या कपाला आज सुट्टी.

१८ मार्च, मंगळवार

ती आता रोज जाते. एकटी! मी दुपारी डोकावलो तर देवीसमोर नव्हती, आजींशेजारी पायरीवर बसून चपला लावत होती. गॉगल आजींच्या नाकावर. दोघी खिदळत होत्या. आजी म्हणाल्या, "तुमची पोरगी जोड्या लावण्यात माझ्यापेक्षा चलाख आहे." मी म्हटलं शिकलेली आहे ती. भिंगरी म्हणाली, "बाबा, बालवाडीत आम्ही आठवडाभर हेच शिकवतो."

एक मात्र खटकलं. मी सांगितलं की डोळा आता रंगवायला घेतलाय, लवकरच बसवू, तशी तिने हातातली चप्पल खाली ठेवली. "एवढी घाई आहे का?" असं म्हणाली. घाई नको? देवीला ताटकळत ठेवायचं?

२२ मार्च, शनिवार

माझ्या डोक्यात एक बेत आहे, तो इथेच लिहितो, हिला सांगितला तर हसेल. भिंगरीची त्या मूर्तीवर माया बसली आहे. मी डोळा बसवला, देवी सुंदर दिसली, लोकांनी वाहवा केली, की भिंगरीच्या मनात येईल, देवीने घातला तर मी का नको? मग ती डबी उघडेल आणि ७ तारखेला शाळेत जाईल. म्हणजे या डोळ्यावर दोन कामं टांगलेली आहेत. त्यामुळे हात जास्तच जपून चालवतोय. उजव्या डोळ्याचे फोटो समोर लावलेत, प्रत्येक रेघ मोजून उलटी घेतोय. मीनाकामाचा निळसर काळा रंग आज साधला. आनंदाने हिला दाखवायला घरी नेला. ही म्हणाली, "छान आहे. भिंगरीला दाखवलात?" दाखवला. तिने हातात घेतला, उजेडाकडे धरला, म्हणाली, "अगदी सारखा." आणि माझ्या हातावर परत ठेवून आत गेली. आतून पडदा ओढल्याचा आवाज आला, हात जोडून बसली असेल. भाविक झाली आहे पोर.

२७ मार्च, गुरुवार

बसवला! राळ पातळ करून खाचेत भरली, डोळा टेकवला, अंगठ्याने दाबून धरला. पुजारीणबाईंनी दिवा वर उचलला आणि मागे उभ्या असलेल्या लोकांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. देवी थेट समोर बघत होती. दोन्ही डोळे एका रेषेत. बँकेच्या मॅनेजरने माझा हात हातात घेतला. पुजारीणबाईंच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही. खोटं कशाला लिहू?

भिंगरी आली नव्हती. डोकं दुखतंय म्हणाली.

२९ मार्च, शनिवार

हात दाखवून अवलक्षण. आज पुजारीणबाई पुन्हा दुकानात. पदराचा तोच चाळा.

"डोळेकाका, राग मानू नका. डोळा फार सुंदर झालाय. पण आजींनी कालपासून चहा घेतला नाही."

"आजींचा आणि डोळ्याचा काय संबंध?"

"त्या म्हणतात, आई माझ्याकडे बघत नाही."

मी तडक खाली गेलो. आजी स्टुलावर पाठ फिरवून बसलेल्या. "आजी, काय झालं?"

"काही नाही. तुमची कारागिरी चांगली आहे. आता ती साहेबांकडे बघते, समोरच्यांकडे. बघू दे. मी काय, चपला सांभाळणारी."

पुजारीणबाईंनी तो काळवंडलेला फोटो आणला. कपड्याने पुसून पुसून पाहिला. जुना डावा डोळा सरळ बघत नव्हताच. उजवा समोर, आणि डावा बाजूला, पायऱ्यांच्या कोपऱ्याकडे. मी म्हटलं, "म्हणजे मूळ कारागिराने चुकवलं होतं. देवी तिरळी होती, मी सरळ केली. उपकार मानायचे सोडून..." पुजारीणबाईंनी फोटो पुन्हा पुसला आणि माझ्यासमोर धरला. 

३० मार्च, रविवार

काल घरी आल्यापासून मी धुसफुसत होतो. सकाळी चहाला हिच्यापुढे सगळं ओकलो. इतकं बारीक काम, कोणाला किंमत नाही, मूळ चूक होती ती मी दुरुस्त केली, वगैरे. ही म्हणाली, "अहो, तिरळी कशी? समोरच्याकडे एक आणि दारातल्याकडे एक. मी स्वयंपाक करताना नाही का, एक डोळा दुधावर आणि एक तुमच्यावर?"

"चूक ती चूक. मी सारखे केले."

तेव्हा भिंगरी कप खाली ठेवून म्हणाली, "बाबा, माझेही तुम्ही सारखे केलेत."

मी म्हटलं, हो, मग? तेच तर कसब.

"माझी माशी कुठे गेली?"

मला आधी कळेचना. मग कळलं. म्हटलं, "अगं तो डाग होता."

"तो मी होते, बाबा." ती रडत नव्हती, फार हळू बोलत होती. "पोरं पहिल्या दिवशी घाबरलेली असतात, रडत असतात. मग कोणीतरी माशी बघतं. सगळी जवळ येतात, बोट लावू का विचारतात. माझा सगळा वर्ग त्या माशीवर सुरू होतो. तुम्ही केलेला डोळा घातला की आरशात कोणीतरी फार सुंदर बाई दिसते. मी नाही दिसत. खाच बरी वाटते त्यापेक्षा. खाच निदान माझी आहे."

"टोचतो म्हणालीस..."

"तुमचे हात थरथरत होते तो करताना. मी काय सांगणार होते तुम्हाला?"

ही उठून गॅस बंद करायला गेली. गॅस बंदच होता.

मी डोळेवाला. अख्ख्या शहराच्या डोळ्यांत डोळे घालून जुळणी करतो. आणि गणपती करायला गेलो तर दोन्हीकडे मारुती झाला. तिच्या जन्मानंतर दाईने तिला माझ्याकडे दिलं तेव्हा पहिल्यांदा मी तो ठिपकाच पाहिला होता. हिला सांगितलं होतं, बघ, ओळखायला खूण घेऊन आली, आता हरवायची नाही. आणि मीच खूण पुसली.

मी तिच्याकडे पाहिलं. खाचेकडे नाही, तिच्याकडे. बारीक झाली आहे. केस कापायला हवेत. एवढ्या महिन्यांत मला हे दिसलं नव्हतं.

१ एप्रिल, मंगळवार

देवळात गेलो आणि आधी आजींपुढे कान धरले. त्या म्हणाल्या, "राहू द्या, चार माणसं बघतायत."

डोळा काढताना देवीलाही माफ कर म्हणालो. दुकानात नेऊन बाहुली पुसली आणि फोटोवरून बाजूला सरकवून पुन्हा रंगवली, वर नवा थर चढवला. पण बसवताना पंचाईत. मी मूर्तीला चिकटून उभा, डोळा कोणाकडे बघतोय ते मला कसं दिसणार? राळ तर पटकन धरते.

भिंगरी म्हणाली, "मी आजींच्या जागेवर बसते." आजी उठल्या, ती स्टुलावर बसली.

"अजून डावीकडे. नाही, माझ्या डावीकडे. थोडं वर. बाबा, फार झालं, मागे. आता सावकाश..."

पुजारीणबाई दिवा धरून उभ्या. बँकेचे साहेब वाकून थांबलेले. मी अंगठ्याने केसभर केसभर सरकवत होतो. एका डोळ्याची माझी पोर मला सांगत होती आणि मी ऐकत होतो.

"बास, बाबा! बास. बघतेय."

मी दाबून धरला. आजी तिला सरकवून स्टुलावर बसल्या, वर पाहिलं आणि म्हणाल्या, "आली गं." मग म्हणाल्या, "कोणीतरी चहा आणा."

रस्त्यावर आल्यावर भिंगरीने गॉगल लावला, मग पुन्हा काढून पिशवीत टाकला. म्हणाली, "आता माझा करा."

३ एप्रिल, गुरुवार

तिच्या डोळ्याचा वरचा थर घासून काढला. ती शेजारी बसून होती. ही घरातले फोटो घेऊन आली, सगळे टेबलावर मांडले. दात पडलेली भिंगरी, सायकलवरची भिंगरी, शाळेच्या पायरीवर वीस पोरांच्या मध्ये बसलेली भिंगरी. हे फोटो मी डिसेंबरापासून कपाटाबाहेर काढले नव्हते. काढवत नव्हते. आज भिंग लावून पाहिले.

"किती मोठा होता गं?"

"तिळाएवढा. खालच्या कडेला. आणि एक पाय बाहेर आल्यासारखा."

"पाय?"

"माशीचा, बाबा."

सगळ्यात बारीक ब्रशने ठिपका टेकवला. एक पाय काढला. आयुष्यभर डाग पुसण्यात गेलं, डाग रंगवायला पहिल्यांदाच बसलो. ती पुढे वाकून बघत होती. म्हणाली, "हां. हीच ती." मग वर नवा पारदर्शक थर चढवून पॉलिश केलं.

घातला. आरसा मागितला नाही, हिच्याकडे वळली. हिने दोन्ही हातांत तिचा चेहरा धरला आणि म्हणाली, "आलीस होय."

टोचत नाही म्हणे.

५ एप्रिल, शनिवार

सकाळी दुकानाकडे जाताना नेहमीप्रमाणे देवळाच्या वरच्या कठड्याशी थांबलो. माझी किल्ली नेहमी पिशवीच्या तळाशी असते, म्हणून रोज तिथे पिशवी टेकवून शोधतो. दुकान घेतल्यापासूनची सवय. आज किल्ली हातातून पडली. उचलायला वाकलो आणि सहज खाली नजर गेली. पायऱ्या, आजींचं डोकं, त्याच्या वरून आतला काळोख, आणि त्या काळोखात एक डोळा. डावा. तो आजींकडे बघत होताच, पण त्यांच्या डोक्यावरून पायऱ्या चढून इथवर, नेमका या कठड्यापर्यंत बघत होता.

मला वाटलं माझं काम जरा वर गेलं. खाली जाऊन फोटो पुन्हा पाहिला, दोरी लावून पाहिली. नाही, जुना डोळाही असाच होता. ज्याने कोणी हा डोळा बसवला, तोवर रस्ता वर चढलेला असणार, त्याने तो तसाच बसवला होता, खाली न उतरणाऱ्यांसाठी.

म्हणजे इतकी वर्षं रोज सकाळी मी इथे उभा राहून किल्ली शोधत होतो तेव्हा. भिंगरी झाली त्या दिवशी मी इथूनच धावत गेलो होतो. डिसेंबरात हॉस्पिटलातून परत येऊन इथेच कठडा धरून उभा होतो, कोणी बघू नये म्हणून.

मी बूट काढून आजींकडे दिले, आत जाऊन बसलो. मागायचं काही नव्हतं. थँक्यू म्हणालो. देवीला इंग्रजी कळत असेल, शेजारी बँक आहे. निघताना आजी म्हणाल्या, "टाच लावून घेतलीत वाटतं."

७ एप्रिल, सोमवार

भिंगरी सकाळी शाळेत गेली. गॉगल न लावता. मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, ही दारातच थांबली आणि आत येऊन भांडी घासत बसली, घासलेलीच भांडी. दिवसभर माझ्या हातून एक धड काम झालं नाही. एका टॅक्सीवाल्याच्या डोळ्याला निळी छटा दिली, बिचाऱ्याचे डोळे काळे आहेत. उद्या पुन्हा करावा लागेल.

संध्याकाळी घराच्या पायऱ्यांवर तिची पावलं वाजली. धावत येत होती. आम्ही दोघं दारात. ती हसत होती आणि रडतही होती, दोन्ही डोळ्यांनी. डावा हलत नव्हता, पण हसण्यात तोही सामील दिसत होता.

"काय झालं ते सांग आधी," ही म्हणाली.

भिंगरीने पाणी पिऊन सांगितलं. पोरं आधी लांब उभी होती. कोणीतरी सांगितलं होतं की बाईंचा डोळा गेला. मग एक चिमुरडी पुढे आली, अगदी नाकाशी नाक लावून पाहिलं आणि मागे वळून ओरडली, "आहे! माशी आहे!" मग सगळी अंगावर. एकाने विचारलं, बाई, ती आता हलत का नाही? भिंगरी म्हणाली, झोपलीय. तर सगळा वर्ग दबक्या आवाजात बोलायला लागला, तिची झोप मोडू नये म्हणून.

मी खुर्चीवर बसलो.  सगळ्यांचे आभार, डॉक्टरीणबाईंचे, पुजारीणबाईंचे, आजींचे, त्या नाव नसलेल्या जुन्या कारागिराचे, आणि खाली बसून वर बघणारीचे. हे मी मोठ्याने म्हणालो बहुतेक, कारण ही म्हणाली, "आणि माझे?" तुझे तर आहेतच गं.

"बाबा, एक घोळ झालाय," भिंगरी म्हणाली. "मी सांगितलं की ही माशी माझ्या बाबांनी काढली. आता सगळ्यांना हवीय. उद्या तुम्हाला वर्गात बोलावलंय."

डोळ्यात तर काढता येणार नाही. मनगटावर काढतो म्हणालो. धुतला की जाणारा रंग हवा. सकाळी आठवणीने बारीक ब्रश घ्यायचा, आणि प्रत्येक माशीला एक पाय बाहेर.